दारापासनं तिसरं स्टूल

मी मूळची भोसरीची. वडील कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी, आणि मी दहावी झाल्यावर त्यांच्याच हाताखाली पोळ्या लाटायला लागले. त्या कारखान्यात नवीन मशिनं बसवायला जपानी माणसं आली होती, त्यातलेच आमचे हे, केन्जी. तिखट खाऊन डोळ्यातनं पाणी काढायचे आणि परत ताट पुढं करायचे, अजून वाढा म्हणायचे, तेवढं एकच मराठी वाक्य त्यांना येत होतं. मग दोन आली, मग दहा आली, आणि शेवटी माझ्या वडिलांसमोर उभं राहून मागणी घालण्याइतकी आली. घरात काय रामायण झालं ते सांगत बसत नाही. लग्न झालं, आणि नव्वदच्या सुमाराला मी इथं आले.

इथं म्हणजे तुमच्या तोक्योत नव्हे बरं का. तुम्ही तिथं ओजिमात राहता, खाली उतरलं की चार मराठी बायका भेटतात. मी आले ती ह्या डोंगरातल्या गावात. चाळीस घरं, भाताची खाचरं, आणि तोमिकोबाईंचं, इथल्या भाषेत तोमिको-सानचं, दुकान. दुकान म्हणजे इझाकाया, प्यायची आणि जेवायची जागा. आपल्याकडच्या गुत्त्यासारखं काही मनात आणू नका. दारावर लाल कागदी कंदील, आत लांब लाकडी फळी, तिच्यापुढं आठ स्टुलं, आणि पलीकडं तोमिको-सान कोळशावर मासे भाजत उभ्या. पाचला उघडतं. उजेड असतानाच पुरुष शेतावरनं येऊन बसतात. कुणाची लावणी आधी, पाण्याचा पाट कधी साफ करायचा, बर्फ कुणी काढायचा, गावाचं सगळं तिथं बसून ठरतं.

आमचे हे दर शनिवारी मला घेऊन जायचे. दुसऱ्या कुणाची बायको यायची नाही, पण ह्यांना त्याचं काही नाही. दारापासनं तिसरं स्टूल ह्यांचं, चौथं माझं, दुसऱ्यावर मुराई-सान, ह्यांचे शाळेपासनंचे दोस्त. पहिल्याच दिवशी मी काय केलं सांगू? बाटली आली, मी आपली उचलली आणि माझ्या पेल्यात ओतून घेतली. आपल्याकडं तहान लागली की माणूस आपल्या हातानं घेतो, त्यात काय एवढं? तर दुकानातले सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. हे हसले, म्हणले, बाई, इथं स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. तू दुसऱ्याचा भरायचा, दुसरा तुझा भरेल. पेला रिकामा राहिला तर लाज शेजाऱ्याला. मला ते इतकं आवडलं, काय सांगू तुम्हाला. सासरी आल्यापासनं पहिल्यांदा कुणीतरी मला वाढणार होतं.

आणि हो, बियर मी पिते. भोसरीला माझ्या वहिनीला कळलं तेव्हा ती आठ दिवस जेवली नव्हती म्हणे. नसेल जेवली. मी पिते, आणि लपवून पीत नाही.

आमची पोरगी मीना पाच वर्षांची झाली त्या साली हे गेले. कामावर उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि खेळ संपला. चव्वेचाळीस वय काय जायचं असतं? मी रडले की नाही ते मला आठवत नाही, नुसता स्वयंपाक करत राहिले एवढं आठवतं. इथं एकोणपन्नासावा दिवस करतात, आपल्या तेराव्यासारखा. त्या दिवशी भटजी गेल्यावर ह्यांचे चुलतभाऊ काझुओ-सान सगळ्या नातेवाइकांसमोर मला म्हणले, फार गोड बोलत म्हणले, तुम्ही अजून तरुण आहात, आपल्या देशी जा. मुलगी आमच्या घराण्याची आहे, ती इथं राहील. घर-शेत मी बघीन.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या खाली मान घालून चटईचा काठ बोटानं सरळ करत होत्या. मीना कोपऱ्यात लाडू खात बसलेली, तिला कळत होतं की नाही देव जाणे.

भावाचा फोन आला, ये परत. म्हणलं, येते की, पोरीला सोडून येऊ का? त्यानं फोन वहिनीच्या हातात दिला. मुराई-सान रस्त्यात दिसले तर वाकून नमस्कार करून पुढं जायचे. लोक वाईट नाहीत हो इथले, पण वाईट नसलेली माणसं गप्प बसली की फार राग येतो. मग मी ठरवलं. गावाचं जिथं ठरतं तिथंच जाऊन बसायचं.

शनिवारी पाच वाजता सासूबाईंना म्हणलं, आई, मीनाकडं बघा, मी दुकानात जाऊन येते. मी गेले आणि तिसऱ्या स्टुलावर बसले. ह्यांच्या. सगळ्यांनी बघितलं. एक मासा मागवला, कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा मागवल्या, बियरची बाटली मागवली. बाटली आली, पेला आला. मी शेंगा सोलल्या, मासा खाल्ला, पेल्याला हात लावला नाही. तोमिको-सान ओतायला पुढं आल्या तर म्हणलं नको, तुमचं ते कामच आहे. शेजारी मुराई-सान भिंतीकडं बघत बसले. तासाभरानं मी उठले, भरल्या बाटलीला नमस्कार केला आणि घरी आले. सासूबाईंनी माझ्यासाठी न्हाणीतलं पाणी गरम ठेवलं होतं.

असे चार शनिवार. गावात चर्चा, काझुओ-सानच्या कानावर गेलं, त्यांनी निरोप धाडला की घराण्याला शोभत नाही. म्हणलं, नसू दे शोभत. मला तहान लागायची हो, समोर गार बाटली, आणि मी आपली कोरडा घसा घेऊन बसलेली. पण स्वतःच्या हातानं ओतलं असतं तर मी पाहुणीच ठरले असते, खाऊन-पिऊन निघून जाणारी.

पाचव्या शनिवारी जाताना वाटेतच डोक्यात आलं. अगं सुमन, म्हणलं, तू कसली वाट बघत बसलीस, नियम तर तुला पण लागू आहे. तुझ्या शेजाऱ्याचा पेला कोण भरतंय? ह्यांच्या जागेवर बसतेस आणि ह्यांचं काम करत नाहीस. चार शनिवार वाया घालवले बघा, एवढी अक्कल आधी आली असती तर.

गेले, बसले, बाटली आली. मुराई-सानचा पेला रिकामा होताच. मी दोन्ही हातांनी बाटली धरली आणि त्यांच्यापुढं केली. आता पेला उचलला नाही तर भर दुकानात अपमान, माझा आणि त्यांचा पण. मग त्यांनी पेला उचलला. मी काठोकाठ भरला. मग बाटली त्यांच्या हातात गेली, आणि त्यांनी माझा भरला. निम्मा फेसच झाला. म्हणले, केन्जी पण असाच ओतायचा, नुसता फेस. आणि रडायला लागले, बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. मग मी पण रडले, तिथंच, सगळ्यांसमोर, मासा पुढ्यात असताना.

डोळे पुसून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. उद्या रविवार, सकाळी सहाला पाट साफ करायचाय. तुमच्या घरचं कोण येणार?

मी म्हणलं, मी.

बास, एवढंच झालं. ज्या घरचा माणूस पाटावर उतरतो ते घर त्याचं, हा इथला कायदा. काझुओ-सान दुसऱ्या दिवशी आले होते, मला चिखलात गुडघाभर बघून परत गेले. पहाटे निघताना दाराशी सासूबाईंचे रबरी बूट पुसून ठेवलेले होते, आत गवत घालून, माझ्या पायाला सैल होऊ नयेत म्हणून. आई, म्हणलं, जाऊन येते. त्या म्हणल्या, लवकर ये. आपल्याकडं म्हणतात तसंच.

आता चार वर्षं झाली. मीना मला जपानीत उत्तरं देते आणि आजीला मराठीत शिव्या शिकवते. दर शनिवारी मी जाते, तोमिको-साननी माझ्यासाठी ठेच्याची बरणी ठेवलीय, पुरुष मागून घेतात आणि खोकतात. भाऊ अजून विचारतो, कधी येणार? म्हणते, पाहुणी म्हणून येईन, चार दिवस. तुम्ही आलाच आहात तर चला, पाच वाजत आलेत. चौथं स्टूल मोकळं असतं. तुम्ही माझा भरा, मी तुमचा भरते, देव तुमचं भलं करो.