पावण्यांची रुंद पट्टी

बसा, बसा. मागं उभं ऱ्हायलेत त्यांनीबी बसून घ्या. फुडं खुर्च्या रिकाम्या हायत की.

मला बोलाय सांगितलंय. माझी शाळा दुसरीपतूर. भाषण कधी केलं न्हाय, भांडण तेवढं रोज केलंय. तवा थांबत थांबत बोलते. रडणार न्हाय. रडायचं ते घरात झालं.

दिलीप माझा जावई. म्हंजे तुमचा सगळ्यांचा डक्टवाला दिलीप. मी त्यास्नी पावणंच म्हणायची आणि ते मला मामी, लेकीच्या लग्नापास्नं शेवटपतूर. छातीत कळ आली, माझी सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन येईपतूर गेले. कसे गेले ह्यात सांगण्यासारखं एवढंच. कसे जगले ते सांगते.

आधी सगळी वर बगा. व्हय, वर. शोकसभेत मान खाली घालायची असती, मला म्हाईत हाय. पण अण्णांच्या ह्या मंगल कार्यालयाचं छत अजून झाकलेलं न्हाय. दिसतंय तवर बगून घ्या. ते चंदेरी पायप, त्यास्नीच डक्ट म्हणत्यात. आत तारंचं कडं, वरनं कापसाची गोधडी, त्यावर चमकीचा कागद. एसीची गार हवा त्यातनं फिरती. अळीगत मऊ असतोय. नीट टांगला तर सरळ, न्हायतर गाभण म्हशीच्या पोटागत लोंबतोय. अर्धं काम पावण्यांच्या नजरंखाली झालं. उरलेल्या अर्ध्याचे पायप त्या कोपऱ्यात खोक्यांत पडल्यात.

अश्विनी, माझी नात, तान्ही होती तवाची गोष्ट. मलकापुरात लगीन. कार्यालयाचे पायप पावण्यांनीच बसवलेले. मग काय, फेटा बांधून छाती फुगवून फिरत होते. "मामी, गार वाटतंय न्हवं?" मी म्हटलं, "आचाऱ्याला वाटत असंल. नवरदेव तर घामानं भिजलाय." तेवढ्यात विहीणबाईंच्या शालूवर वरनं टपकन पाण्याचा थेंब पडला. मग आणि एक. बाई म्हणाल्या, "अक्षता ऱ्हायल्या बाजूला, ह्ये काय पडतंय?"

पावण्यांनी फेट्यासकट शिडी लावली आणि छतात डोस्कं घातलं. खाली आले तर फेट्यावर जाळी आणि तोंड एवढंसं. कामगारांवर ढकलता आलं असतं. ढकललं न्हाय. म्हणाले, "मामी, माझंच चुकलंय. तारंनं आवळून बांधलंय."

आमच्याकडं सगळेच तसं बांधायचे. तार घ्यायची, पायपाचा गळा आवळायचा, लांब लांब टांगायचं, वरनं छत झाकलं की मोकळं. मधी पायप लोंबतोय, तारंपाशी गळा दाबला जातोय. हवा जाणार कुठनं? आणि कापूस जिथं चेपतोय तिथं पायपाला घाम फुटतोय. तोच घाम विहीणबाईंच्या शालूवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणं आमच्या सोप्यात, अश्विनीच्या झोळीखाली उताणं पडलेले. वरच बगत होते. मी म्हटलं, "पोरगी झोपली, तुमी कशाला जागं?" तर मला इचारतात, "मामी, झोळीला लुगडं का? नुसती दोरी का न्हाय?" आता ह्या माणसाला काय म्हणावं? मी म्हटलं, "लेकराच्या अंगात रुतंल की! तुमास्नी टांगू काय दोरीनं?" हसले न्हाईत. उठले ते तडक मलकापूर.

तारा तोडल्या. तळहाताएवढ्या रुंद पट्ट्या लावल्या, जवळ जवळ. आधी पायप ताणून सरळ केला, मग टांगला. वळणावर येगळा आधार दिला. परत आल्यावर मला शिकवाय लागले. "मामी, लेकराला झोका पायजे, हवेला नको. हवा लई आळशी. खड्डा दिसला की तिथंच बसती."

तवापास्नं ह्यांनी लोकांचं डोस्कं उठवलं. कुणाच्याबी लग्नाला गेले की आधी छताकडं बगणार, मग नवरीकडं. सुरेखा म्हणायची, "अवो, जरा माणसांकडं बगा की!" बढाई मारायचे, भांडायचे, आपण तपासल्याबिगर छत झाकणाऱ्याला तर हातसुदिक लावू द्यायचे न्हाईत. पण तार परत कधी आणली न्हाय.

आता मुद्द्याचं बोलते. अश्विनी बापाच्या हाताखाली ह्येच काम शिकलीया. भावकी म्हणती, हत्यारं इकून टाका, पोरीनं शिडीवर चढणं बरं दिसत न्हाय. अण्णांनी उरलेल्या कामाला दुसरी पार्टी बगितलीया. ती पार्टी तार आणील, वरनं छत झाकंल, कोण बगतंय? अश्विनी सकाळी मला म्हणाली, "आजी, बाबांच्या सभेत माझ्या कामाचं काढू नकोस." काढणार. बापाचंच काम हाय ते.

पावण्यांच्या हाताखालची माणसं हिथं बसल्यात. सांगा मला, वर ह्या दोन रांगा हायत, एक बापानं टांगली, एक लेकीनं. लेकीची कुठली? ... खिडकीकडची? नक्की? ... आणि तुमी म्हणताय दाराकडची. बगा, तुमच्यातच जुळंना. मलाबी कळत न्हाय.

तिची रांग बापानं उतरवायला लावली, पट्टी तिरकी बसली म्हणून. परत टांगली, परत उतरवायला लावली. पोरगी रडाय लागली. बाप म्हणाला, "रड, पण शिडीवरनं उतरू नकोस." शेवटी खालनं तळवा फिरवला आणि काय बोलले न्हाईत. ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलंय त्यास्नी ठावं हाय, त्यांचं गप बसणं केवढं.

अण्णा, उरलेलं काम पोरीला द्या. दया म्हणून नको. वर बगून द्या. ... काय म्हणला? बगू? अण्णा, बगूनच झालंय की आता! मोठ्यानं बोला, मागं ऐकू जाईना. ... "अश्विनीच करंल." ऐकलं का सगळ्यांनी? भावकीनं?

अश्विनी, डोळं पूस. त्या खोक्यांखाली फळ्या टाक, फरशीला ओल हाय.

आता सगळ्यांनी उभं ऱ्हावा. पंखे बंद करा, मोबाईल बंद करा. थोडा येळ कायबी आवाज नको. घाम आला तर येऊ द्या. त्या माणसानं जल्मभर दुसऱ्यांचा घाम वाळवला.

आमच्यात दारातनं निघालेल्या पावण्याला जा म्हणत न्हाईत.

पावणं, या.