सतरा मेसेज

इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर माझ्यामागं दोघी बोलत होत्या. दूध संकलन केंद्र चालवणारी रेश्मा आणि तिची चुलती आक्काताई.

"दूध गार ठेवायचा कूलर बंद पडला की डेअरीला त्याच मिनिटाला मेसेज जातोय, काकी."

"मग काल गेला न्हाई व्हय?"

"गेला की! सतरा येळा गेला. ज्येच्या फोनवर जातोय, त्यो मॅनेजर रजेवर."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं."

"सांगितलं. म्हणत्यात, मेसेज आपोआप येतोय, तुमी फोन करू नका."

"आन् दूध?"

"चारशे लिटर! नासायच्या आत बायका गोळा केल्या आन् सगळ्याचा खवा आटवला."

"शेवटी आलं का कुणी?"

"आलं की! टाकी रिकामी झाल्याचा मेसेज थेट मोठ्या सायबाला जातोय. अर्ध्या तासात गाडी दारात. उतरल्या उतरल्या म्हणाला, दूध कुठं पळवलं?"