क्रँकची जड बाजू

पंक्चरचं सोल्युशन वाळेपर्यंत पोस्टमन सायकलच्या दुकानात बाकावर बसला होता. मिस्त्री आपल्या मोटरसायकलीचा, म्हणजे मोटर बसवलेल्या सायकलीचा, क्रँकशाफ्ट, मोटरमधला फिरणारा दांडा, दोन आडव्या पात्यांच्या धारेवर ठेवून फिरवत होते. डबा घेऊन त्यांची बायको आली.

"पुन्हा तेच?"

"जड बाजू खाली येते. तिथलं लोखंड काढलं की थरथर थांबेल."

"मागे बसून माझे दात खिळखिळे झाले, तेव्हा नाही सुचलं."

"बोलली नाहीस कधी."

"तोंड उघडलं की जीभ चावली जायची."

मिस्त्रींनी ड्रिलने एक खळगा पाडला. शाफ्ट आता जिथे सोडला तिथेच थांबला.

"बघ. खडखडाटही गेला समज."

तिने डबा बाकावर ठेवला.

"मग तुम्ही गल्लीत शिरलात हे मला कळणार कसं?"

"कळून करतेस काय?"

"चहा टाकते."

"बरं. कोपऱ्यापासून घंटी वाजवत येईन."