फिल्टरमधली पिल्लं

चतुचकच्या शोभेच्या माशांच्या बाजारात, टाकीत पाळायच्या कोळंबीच्या दुकानापुढं प्लायफॉन शाळेच्या गणवेशातच, थंडगार चहा पीत रांगेत उभी होती. कान मात्र पुढच्या काका-काकूंकडे. काका फिल्टरचा डबा बदलून घ्यायला आले होते, पाण्यासकट!

“एकसुद्धा पिल्लू दिसत नाही. टाकी आजच माझ्या भावाकडं जाणार,” काकू म्हणाल्या.

“अगं सम्रुआई, एक संधी दे!”

“संधी? कोळंबीला लेकरं होऊ देत म्हणून भूमिदेवापुढं लाल सरबत ठेवलं मी. त्यानं दिली, तुमच्या यंत्रानं गिळली!”

“नोईताईंनीच दिला ना हा!” काकांनी दुकानदारीणबाईंकडं बोट दाखवलं.

“काका, तुम्ही म्हणालात, सगळ्यात जोरदार द्या. मला वाटलं, घरी मगर पाळलीय! नखाएवढ्या कोळंबीला स्पंजचा फिल्टर लागतो. तो पिल्लं ओढत नाही, उलट पिल्लं त्याच्यावर चरतात. आणा तो डबा, रिकामा करते.”

झाकण निघालं.

“अरेच्चा! काकू, बघा तरी!”

“काय ते? अगंबाई, हलतंय!”

“सगळी पिल्लं फिल्टरच्या कापसावर बसलीत. आयतं खायला मिळतंय, बाहेर कशाला येतील?”

“अगदी बापावर गेलीत!”

प्लायफॉनच्या नाकातून थंडगार चहा बाहेर आला.

“मग टाकी भावाकडं कधी पोचवू?” काकांनी हळूच विचारलं.

“गप्प बसा. तो स्पंजचा घ्या. आणि डबा द्या इकडं, हिंदकळवताय किती! टॅक्सीत मी मांडीवर धरणार. तुम्ही पुढं बसा.”