बंगलोरचा मुराळी

रिसोडच्या स्टँडवर अंगुरीबाई केनवडच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक जोडपं लेकीच्या स्थळाचं बोलत होतं.

"भागिरथे, नागपूरहून बंगलोर इमानानं दोन घंटेबी लागत नाहीत. पोराले हो म्हनून टाकू."

"नऊशे किलोमीटर हाय म्हने. लेकीले माहेरी आनाले मुराळी कोन जाईन?"

"इमानात कायचा मुराळी! सकाळी बसली का दुपारी नागपूर."

"अन् केनवड? अर्ध्या घंट्यावर हाय. तुमीच गेलते ना मुराळी, बहिनीले आनाले?"

"गेलतो."

"कितीदा रिकामे वापस आले?"

"लय खेपा. दरसाली तिचा सासरा म्हने, सोयाबीन निघू द्या, मंग धाडतो."

"मंग घंटे कायले मोजून राह्यले? पोरगा धाडीन का, थे इचारा."

नवऱ्यानं खिशातून फोन काढला. मग फोन लागला.

"इनोदराव, स्नेहाचा बाप बोलून राह्यलो. लग्नानंतर पोरीले माहेरी याचं असलं, तं तुमी धाडसान का?"

फोन ठेवताच बायकोनं विचारलं, "काय म्हन्ते?"

"हासला. म्हने, मामा, मी कोन धाडनारा? तिचं तिकीट ती काढीन, मी बॅगा उचलीन."

"मंग जवळच हाय. हो म्हना त्याले."

केनवडची गाडी लागून सुटलीसुद्धा होती. अंगुरीबाईंना ते आत्ता कळलं.