वर सांगितल्याप्रमाणे

हसू नका, पण परवा मी फोनवर पार गोंधळलो. तळोज्याच्या आमच्या कंपनीत पाण्याच्या फिल्टरची माहिती छोट्या तुकड्यांत लिहितात. एकदा लिहिलेला तुकडा पुस्तिकेत, ॲपवर आणि फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये तसाच वापरतात. गळतीच्या तुकड्यात होतं, ‘वर सांगितल्याप्रमाणे नळ बंद करा.’

सीवूड्सहून एका काकांचा फोन आला.

“अहो, फिल्टर गळतोय, किचनभर पाणी झालंय! तुमचं रेकॉर्डिंग ऐकून वर जाऊन आलो. वरचे म्हणतात, आम्ही काहीच सांगितलं नाही!”

“काका, वर म्हणजे... पुस्तिकेत, आधीच्या ओळीत,” मी चाचरत म्हणालो. “फिल्टरच्या मागचा नळ बंद करा ना.”

“थांबा, बेल वाजली.” मग म्हणाले, “खालच्या मजल्यावरचे आलेत. त्यांच्या छतातून पाणी टपकतंय. यांनाही तुम्हीच वर पाठवलंत का?”