वाळक्या निंबावरचा पिंगळा

म्हसावदजवळच्या एका वाळक्या निंबावर रानपिंगळा दिसल्यासारखं वाटल्याचं निवृत्त ग्रंथपाल हिरालालकाकांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. डोक्यावर ठिपके असले तर ते छोटं घुबड म्हणजे साधा पिंगळा, नसले तर दुर्मिळ रानपिंगळा. आणि नेमकं डोकं बघायच्या वेळी काकांचा चष्मा घामाने धुरकट झाला होता. म्हणून आज पुन्हा एसटी. पुढच्या बाकावर एक जोडपं बोलत होतं.

"तो दुर्बीणवाला म्हतारा परत उना का वो?"

"नही. पन येई. दोन दिन आपला घरकडेच दखी ऱ्हायना व्हता."

"मी सांगस, पाव्हणास्नीच धाडेल शे त्याले. आपली रूपालीना सोयरीकनी चौकशी कराले."

"इतला लाजरा माणूस धाडतीन का? मी राम राम कया, तं ज्वारीना आड दपी गया."

"चौकशीवाला तसाच ऱ्हास! म्हनीसन मी नवं लुगडं नेसनू. तुमले दोन दिन शिव्या बी दिन्या नहीत."

"ते मन्हा ध्यानमा उनं."

काकांनी दुर्बिणीची पिशवी हळूच पायाखाली सरकवली.

"पन त्याले आपला नवा स्लॅब दखायना व्हई का?"

"कसा दखाई? तो वाळेल निंब आडा येत व्हता ना."

"मंग?"

"काल मीच तोडी टाका."

काकांच्या तोंडून "अरेरे!" निघून गेलं. बाईने वळून पाहिलं आणि घाईघाईने डोक्यावर पदर घेतला.

"बाबा, तुम्हीन! चाला घर, च्या पी ल्या. आते मधमा काहीच आडं येत नही."